पहिलं पान

बुवापाडा, अंबरनाथ
९ जानेवारी २००५

चि. कीर्ती,

जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

मामाचं पत्र बघून दचकू नकोस. माझ्या राजेंद्रने मला मोबाइल घेऊन दिलाय, पण त्यावर मी ओरडून बोलतो आणि आता जे सांगायचंय ते सगळ्या चाळीने ऐकावं असं नाही. म्हणून आपलं पोस्ट बरं.

ऑक्टोबरपासून माझ्या लघवीतून रक्त जातंय. आधी वाटलं, उन्हाळी लागली असेल. तुझ्या मामीने धण्याजिऱ्याचं पाणी पाजून पाजून जीव नकोसा केला. शेवटी राजेंद्र बदलापूरहून आला आणि मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. मूत्राशयात गाठ आहे आणि ती वाईट आहे. लिहून टाकलं एकदाचं. तू लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस, मी अजून दोन वेळ जेवतो आणि मामीशी भांडतोही.

आता कामाचं. रंगाच्या कंपनीत माझी एकवीस वर्षं गेली, हे तुला ठाऊक आहे. तिथे एक पिवळट पावडर असायची, आम्ही तिला नुसतं बेस म्हणायचो. कपड्यांवर, भाकरीवर, नखांत, सगळीकडे बेस. माझ्याच खात्यातला धोंडिबा याच रोगाने गेला. मी मेडिकल बोर्डाकडे अर्ज केलाय, की हा रोग मला कामातून लागला असं लिहून द्या. दिलं तर माझ्यामागे तुझ्या मामीला, शालनला, पेन्शन मिळेल. पण नुसतं तेवढ्यासाठी नाही. इस्पितळाच्या केसपेपरवर त्यांनी लिहिलंय, तंबाखूची सवय. मला! ज्याने जन्मात बिडी ओढली नाही त्याला! झालं असं, की डॉक्टरने विचारलं, "तंबाखू?" मी म्हटलं, नाही. तर तुझी सत्यवचनी मामी मागून म्हणते, "घरात मशेरी असते डॉक्टर, माझी. दाढ दुखायची तेव्हा ह्यांनी पण लावलेली." डॉक्टरने टिकमार्क केली. मी तिला चिडवतो, की तुझ्या दातांपायी माझी केस पडणार.

१९८४ साली मुंबईहून एक डॉक्टरबाई यायच्या. त्यांनी आमच्या खात्यातल्या सगळ्यांची लघवी तपासली होती. त्याचा लेख पुढे परदेशी मासिकात छापून आला, असं त्यांनी मला पत्राने कळवलं होतं. बाई आता हयात नाहीत. लेख मी कधी पाहिलेला नाही. तू पुस्तकांच्याच कारखान्यात नोकरीला आहेस, तर तो मिळेल का बघ. बोर्डाची तारीख २१ मार्च.

तुझा,
शिवराममामा

---

हैदराबाद
२० जानेवारी २००५

ती. मामा,

सविनय जयभीम.

पत्र ऑफिसात मिळालं आणि मी ते पुस्तकांच्या मांडण्यांमागे जाऊन वाचलं. रडले. तुम्ही नको म्हणालात म्हणून काय थांबतं का? आणि ऑक्टोबरपासूनची गोष्ट जानेवारीत कळवता, याबद्दल भेटले की भांडणार आहे.

लेखाचं बघते. मासिकाचं नाव, साल, अंक, पान, जे काही बाईंच्या पत्रात असेल ते अक्षरन् अक्षर उतरवून पाठवा. आमची लायब्ररी शास्त्राचीच आहे, पण हल्ली मासिकं कपाटात नसतात, कॉम्प्युटरवर असतात. ज्याचे पैसे भरले तेवढंच उघडतं. हे उघडेल की बाहेरून मागवावं लागेल ते नाव कळल्यावर सांगते.

मामीला म्हणावं, खरं बोलल्याबद्दल कोणी तुला बोलत असेल तर मला कळव.

तुमची,
कीर्ती

---

बुवापाडा
२८ जानेवारी २००५

चि. कीर्ती,

अनेक आशीर्वाद. बाईंचं पत्र माझ्या शाळेच्या दाखल्याबरोबर ठेवलेलं होतं, लगेच सापडलं. सगळं वेगळ्या कागदावर उतरवलंय. साल १९८७ आहे. दोनदा पडताळून पाहिलं. तुला माझी खोड माहीतच आहे. कंपनीत पहिला नमुना काढून, उजेडात धरून, पास केल्याशिवाय मी कधी बॅच सोडली नाही. मॅनेजर बोंबलायचा, पण शेडची तक्रार एकदासुद्धा आली नाही.

हा लेख बाईंचा खरा, पण थोडा माझाही आहे. त्या बाटल्या घेऊन गेटवर उभ्या राहिल्या तेव्हा कोणी पुढे येईना. बाईमाणसासमोर बाटली कशी द्यायची? शेवटी मी एक उचलली, संडासात गेलो, भरून आणली आणि सगळ्यांदेखत टेबलावर ठेवली. म्हटलं, पहिला नमुना शिवरामचा, आता लाजायचं काय राहिलंय? मग धोंडिबा उठला. तीन दिवसांत बासष्ट बाटल्या झाल्या. मी नंबर घातले. एक नंबर माझा.

लेख परदेशात छापल्याचं बाईंचं पत्र आलं तेव्हा धोंडिबा म्हणाला होता, "शिवा, आपलं मूत विलायतेला चाललं, आपण काय जात नाय."

बोर्डातला क्लार्क म्हणतो, नुसतं तोंडी सांगून भागणार नाही, छापील कागद आणा. तर हा छापील कागद जगात कुठेतरी आहे. तेवढा आण म्हणजे झालं.

तुझा,
मामा

---

हैदराबाद
१८ फेब्रुवारी २००५

ती. मामा,

सविनय जयभीम.

लेख मिळाला. आमच्याकडे उघडला नाही. परदेशातल्या एका मोठ्या लायब्ररीकडून मागवला. सहा पानं आहेत म्हणे. म्हणे अशासाठी, की मी तो वाचलेला नाही. मला वाचता येत नाही अशी त्यांनी सोय करून ठेवली आहे. आता नीट वाचा, तुमचा नमुना पास करता तसं.

लेख कागदावर येत नाही, ईमेलने कुलूपबंद फाइल येते. पहिल्यांदा ज्या कॉम्प्युटरवर उघडाल त्याच्यावरच ती पुढे उघडते, दुसऱ्यावर नाही. मी इथे उघडली असती तर ती इथेच अडकली असती, आणि आमच्या ऑफिसात प्रत्येक छापलेल्या कागदाची साहेब चौकशी करतात. म्हणून हात न लावता राजेंद्रच्या ईमेलवर पाठवली आहे. ४ मार्चला ती आपोआप बंद पडेल. साठवून ठेवता येत नाही, एकदा उघडली की पुढे पाठवता येत नाही. आणि छपाई फक्त एकदा. एकदाच, मामा. चांगला प्रिंटर असलेल्या दुकानात जा.

दुसरी प्रत मिळणार नाही. हा लेख माझ्या स्वतःच्या अभ्यासासाठी आहे, दुसऱ्या कोणाला देणार नाही, अशी मी सही करून दिली आहे. आमच्याकडे एकाला अशाच प्रकरणात मेमो मिळाला होता. तेव्हा जपून.

बासष्ट माणसांनी लघवी दिली आणि त्यांतल्या एकाला त्याचा कागद बघायला मी चोरासारखी पाठवते आहे, याचा मला राग येतो. पण राग काढायला समोर माणूसच नाही, नुसती फाइल आहे.

तब्येत कळवा. खरी.

तुमची,
कीर्ती

---

बुवापाडा
५ मार्च २००५

चि. कीर्ती,

अनेक आशीर्वाद.

लेख मिळाला. उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये एका सिंध्याचं सायबर आहे, तिथे काम झालं. छपाई एकदम सुरेख, अक्षर काळंभोर. तू काळजी सोड आणि नोकरी सांभाळ. तब्येत ठीक. खरी ठीक.

मामा

---

हैदराबाद
१२ एप्रिल २००५

ती. मामा,

तारीख होऊन तीन आठवडे झाले. मोबाइल लागत नाही, राजेंद्र म्हणतो बाबांनाच विचार. बोर्ड काय म्हणालं? चांगलं असो, वाईट असो, कळवा.

कीर्ती

---

बुवापाडा
२४ एप्रिल २००५

चि. कीर्ती,

अनेक आशीर्वाद.

बोर्डाने अर्ज नामंजूर केला. तीन डॉक्टर बसले होते. मधले वयस्क, बोलायला मऊ. त्यांनी कागद पाहिले, उलटेसुलटे केले आणि म्हणाले, यावरून काही सिद्ध होत नाही. निकाल २८ मार्चला पोस्टाने आला. त्यात तंबाखूचा पूर्वेतिहास असल्याने रोग कामाशी जोडता येत नाही असं लिहिलंय. अपिलाला तीन महिने आहेत, पण नवीन पुरावा असेल तरच. तो कुठून आणू?

तू तुझ्याकडून सगळं केलंस. लेख त्यांना पटला नाही, याला तू काय करणार? मला दुखतं ते एवढ्याचं, की माझ्या नावापुढे तंबाखू राहिली. निकाल आला त्या दिवसापासून मामी गप्प गप्प असते. तिला आता चिडवत नाही.

परवा शिवमंदिराच्या बाजूला जाऊन बसलो होतो. खाली वालधुनी नदीचं पाणी बघून कुठल्या कंपनीत कुठला रंग चाललाय ते आम्ही पूर्वी ओळखायचो. आता सगळं एकच काळं दिसतं. माझी नजर गेली असेल.

मामा

---

हैदराबाद
१० मे २००५

ती. मामा,

सविनय जयभीम.

महिनाभर हे लिहू की नको करत होते. मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली आहे.

तो लेख आमच्याकडे होता. त्या मासिकाचे सगळे जुने अंक आमच्या लायब्ररीत बांधून ठेवलेले होते, लाल पाठीचे जाड खंड, १९८७ सुद्धा. २००२ साली वरून हुकूम आला, की हे मासिक आता कॉम्प्युटरवर मिळणार, जुनी सालंही दिसणार, तेव्हा कागद काढून जागा मोकळी करा. त्या खंडांवर 'बाद' हा शिक्का मी मारला. माझ्या हाताने, एकेका खंडावर, दोन दिवस. रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढवलेही माझ्यासमोर.

गेल्या वर्षी त्यांनी दर वाढवले, तेव्हा आमच्या संस्थेने मासिक बंद केलं. मग कळलं, की नवे अंक गेले तसे जुनेही गेले. आम्हाला वाटलं होतं आपण विकत घेतोय, पण ते भाड्याने होतं. जानेवारीत तुमचं पत्र आलं तेव्हा मी त्या रिकाम्या मांडणीसमोरच उभी राहून रडत होते. तो खंड जागेवर असता तर मी दहा मिनिटांत झेरॉक्स काढून पाठवली असती. ना कुलूप, ना सही, ना तारीख.

लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. मामा, तुम्ही पहिला नमुना पास केल्याशिवाय बॅच सोडत नव्हता आणि मी काही न तपासता सगळी कपाटं सोडून दिली. मला माफ करा.

तुमची,
कीर्ती

---

बुवापाडा
२९ मे २००५

चि. कीर्ती,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वेडी आहेस. साहेबाने सांगितलं, तू शिक्का मारलास. मी काय बेसच्या कमी गोण्या साहेबाच्या सांगण्यावरून फोडल्या? चूक कोणाच्याही हातून होते. माझ्याही झाली आहे. ती भेटीत सांगेन, कागदावर नको.

फार वेळ बसवत नाही, म्हणून थांबतो. आंब्याच्या दिवसांत येशील म्हणाली होतीस, दिवस संपत आले.

मामा

---

बुवापाडा
३ आक्टोबर २००५

बाय कीर्ते,

मामीचा जयभीम. मला चौथीपर्यंतच येतं, अक्षर लावून वाच.

तू ऑगस्टमध्ये येऊन गेलीस पण तेव्हा माणसं फार होती, आपलं बोलणं झालंच नाही. ते गेले त्याला आता चाळीस दिवस होतील. काल गादी उन्हात टाकायला काढली तर खाली एक पिशवी सापडली. त्यात इंग्रजीतलं एक छापील पान आहे आणि तुला लिहिलेलं पत्र आहे, टाकलेलंच नाही. राजेंद्रला विचारलं तर तो म्हणाला मला काय माहीत नाय, बाबा एकटेच गेलेले. दोन्ही पाठवते. पत्र मी वाचलं. मला त्यातलं अर्धं समजलं.

पानावर काय लिहिलंय ते मराठीत लिहून पाठव. मला एकच बघायचंय, त्यात मशेरीचं काय आहे का. डॉक्टरासमोर मी बोलले म्हणून तंबाखू लागली. बोर्डाच्या कागदावर पण तेच आलं. ते चिडवायचे तेव्हा मी हसायचे पण आतून जळायचे. आणि बाय, मला असं पण वाटतं की माझ्या मशेरीनेच त्यांना रोग झाला असेल. तव्यावर भाजायचे तेव्हा घरभर धूर व्हायचा, ते खोकायचे. चाळीस वर्षं भाजली. ते गेले त्या दिवशी डबा फेकून दिला. कोणाला बोलले नाही, तुलाच लिहिते.

तुझी मामी

---

(मामीच्या पाकिटातलं, न टाकलेलं पत्र)

बुवापाडा
२७ फेब्रुवारी २००५

चि. कीर्ती,

अनेक आशीर्वाद. काल एक गाढवपणा झाला आणि तो माझ्याच हातून झाला.

राजेंद्रची डबल पाळी होती, म्हणून त्याच्याकडून पासवर्डची चिठ्ठी घेऊन मी एकटाच उल्हासनगरला गेलो. सायबरचा मालक जितेश म्हणून आहे, माणूस चांगला. त्याने फाइल उघडली. कीर्ती, स्क्रीनवर बाईंचं नाव दिसलं.

तो म्हणाला, "अंकल, पूरा मारूं क्या प्रिंट?"

मी म्हटलं, "थांब. आधी पहिलं पान काढ. शाई कशी बसते ते बघू, मग बाकीची सोड."

"अरे अंकल, लेझर है. देखना क्या उसमें?"

"असू दे तुझं लेझर. मी एकवीस वर्षं असंच काम केलंय."

त्याने पान काढलं. मी दारात जाऊन उजेडात धरलं. एक नंबर शाई. पास म्हटलं. तो मशीनवर बसला, दोनतीनदा बटन दाबून पाहिलं. मग म्हणाला, "अंकल, अब नहीं दे रहा. प्रिंटचं बटनच गेलं बघा." एकदाच म्हणजे एकदाच, हे तू लिहिलं होतंस. मला वाटलं सहा पानं एकदा. मशीनला वाटलं एक पान एकदा.

आणखी एक. त्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात तुझं नाव आहे. मला बाकी इंग्रजी ड्रमवरच्या लेबलापुरतं येतं, पण तुझं नाव ओळखलं. जितेशला विचारलं, काय लिहिलंय? त्याने वाचलं आणि म्हणाला, "लिखा है सिर्फ इस मॅडम के लिए. किसी और को दिया तो कायदेशीर कारवाई." मी पान तिथेच घडी करून खिशात घातलं. सरकारी टेबलावर तुझ्या नावाचा कागद ठेवून मी तुझी नोकरी घालवणार नाही. हे पान कोणाला दिसणार नाही.

पण फाइल त्या मशीनवर ४ तारखेपर्यंत दिसते. जितेश म्हणाला, "बैठो अंकल, लिख लो." तेव्हा वही घेतली आणि बसलो. पहिलं पान आहेच, त्यात नुसता मजकूर, आकड्यांचे तक्ते पुढे आहेत, म्हणून दुसऱ्यापासून सुरुवात केली. समजत नाही, पण अक्षर बघून अक्षर काढतो आणि आकड्यांना तर काही भाषा लागत नाही. आमचे नंबर आहेत त्यात. एक नंबरची ओळ सापडली. माझी.

तुला कळवू की नको? तू परत सही करायला जाशील आणि

(खाली वेगळ्या शाईने)

४ मार्च. आज फाइल बंद झाली. सहाव्या पानाचं अर्धं राहिलं. वही बोर्डाला दाखवतो. कीर्तीला सांगायचं नाही.

---

हैदराबाद
१६ ऑक्टोबर २००५

ती. मामी,

सविनय जयभीम.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पानावरचा मधला भाग मी जसाच्या तसा मराठीत लिहिते.

"रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या बासष्ट कामगारांची लघवी तपासली. तेवीस जणांच्या लघवीत बिघडलेल्या पेशी सापडल्या. बेस हाताळण्याचं काम जितकी जास्त वर्षं, तितकं बिघाडाचं प्रमाण जास्त. तंबाखू खाणारे, मशेरी लावणारे आणि काहीच न घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. काम सोडल्यावर वीस वर्षांनीही मूत्राशयाचा कॅन्सर होऊ शकतो. या कामगारांची तपासणी जन्मभर होत राहिली पाहिजे."

मशेरीचं नावच आहे, मामी. डॉक्टरबाईंनी मुद्दाम विचारलं असणार. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. मामांना जे झालं ते बेसने झालं, हे अठरा वर्षांपूर्वीच छापून ठेवलेलं होतं.

आता पुढचं लिहू नये असं वाटत होतं. पण आपण तिघांनी एकमेकांना जपण्यासाठी इतकं लपवलं, की आता मला लपवण्याची भीती वाटते. आमच्या इथे एक डॉक्टर आहेत, ते अशा बोर्डांवर बसतात. त्यांना मी हे पान दाखवलं. त्यांनी दोन मिनिटांत वाचलं आणि म्हणाले, "पुढची पाच पानं कोण वाचतो? आम्ही एवढंच वाचतो. हे टेबलावर असतं तर मी सही केली असती."

बोर्डाने पाहिली ती मामांची वही. नाव नाही, निष्कर्ष नाही, नुसते हाताने लिहिलेले आकडे, तेही दुसऱ्या पानापासून. मामांनी तुला आणि मला काही सांगितलं नाही, आणि माझ्या नावामुळे हे पान गादीखाली गेलं. मला माहीत होतं माझं नाव त्यावर येणार. टेबलावर ठेवण्यासाठीच तर मागवलं होतं. मेमो आला असता तर आला असता. मी त्यांना धोका लिहिला, पण तो घ्यायला मी तयार आहे हे लिहिलंच नाही. आणि दुसरी प्रत मिळत नाही हेही पूर्ण खरं नव्हतं. छपाई बिघडली असा फॉर्म भरला की मिळते. त्यांनी जपून वागावं म्हणून मी तसं लिहिलं. ते फार जपून वागले.

२९ मेच्या पत्रात ते म्हणाले होते, माझीही चूक झाली आहे, भेटीत सांगेन. त्या दिवशी अपिलाला एक महिना शिल्लक होता. मी रजेचा अर्ज जूनमध्ये दिला, नामंजूर झाला आणि मी गप्प बसले. आता मुदत संपली आहे. राजेंद्रला अर्ज करता यावा म्हणून वकिलाला विचारलं, तो म्हणतो उशीर माफ होणं कठीण. तरी अर्ज करू या. पान माझ्या नावासकट लावू.

मामी, मला रागव. गप्प राहू नकोस.

तुझी,
कीर्ती

---

बुवापाडा
३० आक्टोबर २००५

बाय कीर्ते,

तुझं पत्र मिळालं. दुपारी एकटीने वाचलं. मग परत वाचलं.

तुला काय रागवू? ते असेच होते. लग्नात मंगलपरिणयाची पत्रिका पण पहिली एक छापून आणून उन्हात धरलेली. माझा भाऊ हसलेला. आता त्यांच्यावर रागवू तर ते नाहीत.

राजेंद्रला अर्ज करायचा तर करू दे. मी सही देते. मला त्याच्यात आता काय वाटत नाय.

मला दुसरंच वाटतं. मार्चपासून ते त्या गादीवर होते. मी बाजूला निजायचे, शेवटी शेवटी त्यांना खाट दिली तेव्हा गादी माझ्याचकडे आली. रोज पडून मी मनात म्हणायचे, माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं. आणि तुझ्यामुळे नाय असं लिहिलेला कागद माझ्याच पाठीखाली होता. त्यांना वाचता आलं असतं तर त्यांनी मला उठवून सांगितलं असतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. नोकरीचं नोकरीच्या जागी, पण हे सांगितलंच असतं.

शेजारणी विचारतात, मशेरी सोडलीस का गं. आता लावली तरी चालेल, तू लिहिलंयस. डबा नवीन आणला. अजून उघडला नाय.

पान नीट ठेव.

तुझी मामी